गोदावरीत कयाकवरून गळ टाकायचाय? उतरण्याआधी एवढं करा

आपण मराठवाड्यातली माणसं पाण्याला हपापलेली. नदी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती वाळू, मधून एखादी चिंचोळी धार आणि धारेत उभी असलेली गुरं. त्यामुळे पैठणच्या खाली किंवा विष्णुपुरीच्या वर गोदावरी काठोकाठ भरलेली, संथ दिसली की वाटतं, तळंच आहे, घाला कयाक (एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी). ते तळं नाही. पैठणपासून तेलंगणाच्या हद्दीपर्यंत आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी, आमदुरा, बाभळी अशी बंधाऱ्यांची उतरंड लागली आहे (मधली आणखी काही नावं सोडली). पाणी संथ दिसतं, कारण कुणीतरी दरवाजे बंद ठेवलेत. उघडायचे कधी, हे तुम्हाला विचारून ठरत नाही.

शिवाय या नदीवर आपण एकटे नसतो. भोई बांधवांची जाळी, वाळू काढणाऱ्यांचे तराफे, शेतकऱ्यांच्या मोटारी, घाटावरचे भाविक, इकडून तिकडे माणसं नेणाऱ्या होड्या अशी सगळी वर्दळ असते. यातल्या बहुतेकांचं पोट नदीवर आहे, आपण मात्र हौसेला आलेलो. गोदावरीवर कयाकवाल्याला धोका होतो तो बहुतेक वेळा या दोन गोष्टींतूनच: वरून सुटलेलं पाणी आणि दुसऱ्याच्या कामात नकळत घुसणं. खोल पाणी, मोठा मासा वगैरे नंतरच्या गोष्टी. म्हणून खाली रॉड-रीळपेक्षा या दोन गोष्टींवरच जास्त लिहिलंय.

१. जागा ठरवा आणि आधी विचारा

जलाशय आणि बंधाऱ्यांचं पाणी मासेमारीसाठी बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्यावर दिलेलं असतं. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. तुम्ही गळानं दोनच मासे काढणार असलात, तरी त्यांच्या नजरेनं तो त्यांचा माल आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन "या भागाचा ठेका कुणाकडे आहे" एवढं विचारा आणि मग त्या संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटा. फोनवर भागवू नका, गावात जा, चहा घ्या. ठरलेली रक्कम भरली तर पावती मागा, पावती नसेल तर निदान एक ओळीची चिठ्ठी. काठावर कुणी अडवलं की ती चिठ्ठीच कामी येते.

नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, हा वेगळा विषय आहे. तो जलाशय पक्षी अभयारण्य आहे, १९८६ साली घोषित झालेलं. तिथं वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो आणि वन विभागाच्या परवानगीशिवाय गळ टाकणं म्हणजे केस ओढवून घेणं. स्थानिक मच्छीमार तिथं दिसतात म्हणून आपल्यालाही मुभा आहे असं समजू नका. माझं मत विचाराल तर नवख्यानं नाथसागरात उतरूच नये. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचं उघडं पाणी आहे, दुपारचा वारा उठला की काठ दिसत असून गाठता येत नाही.

आणखी दोन जागा कायमच्या वर्ज्य:

- कालवे. जायकवाडीचा डावा कालवा दोनशे किलोमीटरहून लांब आहे. पाणी चालू असतं तेव्हा कयाक मस्त पळेल असं वाटतं. पण अस्तरीकरण केलेल्या तिरक्या भिंतीवर पकडायला काही नसतं, आणि पुढं कुठंतरी सायफन (पाणी खालून नेणारा बंद पाइप) किंवा गेट असतंच. पडलेला माणूस बाहेर येत नाही.
- धरण आणि बंधाऱ्याच्या भिंतीलगतचा पट्टा, वरचा आणि खालचाही. तो प्रतिबंधित असतो आणि त्यामागं कारण आहे. ते आठव्या मुद्द्यात येईल.

सुरुवात कुठून करावी? बंधाऱ्यापासून चांगलं दूर, काठ उताराचा, गाव जवळ, वाळूचा धंदा नाही अशी जागा बघा. ती नकाशात सापडत नाही. मोटारसायकलवर काठाकाठानं एक चक्कर मारा.

२. कयाक कोणती

वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप प्रकारची घ्या. तिच्यात पाणी साचत नाही, भोकांतून खाली निघून जातं, आणि उलटली तरी परत चढता येतं. आत पाय घालून बसायची कयाक उलटली की पाण्यानं भरते. मासेमारीला ती नको.

लांबी १० ते १२ फूट, रुंदी शक्य तितकी जास्त. अशा कयाकचं वजन २५ ते ३५ किलो भरतं, तेव्हा ती गाडीवरून उतरवून काठापर्यंत न्यायला दुसरा माणूस लागतो. याचा एक फायदाही आहे, आपसूकच एकट्यानं जाणं होत नाही. कंपनी जी भारक्षमता लिहिते तिच्या ७० टक्क्यांपर्यंतच भार ठेवा. त्यात तुमचं वजन, नांगर, पाणी, बर्फाचा डबा, सगळं आलं.

हवेच्या कयाक स्वस्त पडतात आणि डिकीत मावतात, म्हणून पहिली खरेदी तीच होते. आपल्याकडे काठाला वेडी बाभूळ माजलेली आहे, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यात बुडालेल्या साध्या बाभळी उभ्याच असतात. पाण्याखाली वीतभर असलेला काटा दिसत नाही. हवेचीच घेतली असेल तर एकाहून जास्त हवेचे कप्पे असलेली हवी, आणि बाभळीच्या जवळपास फिरकू नका. मासे मात्र नेमके तिथंच असतात, याला इलाज नाही.

रंग पिवळा किंवा केशरी. हिरवी-करडी कयाक फोटोत छान दिसते, पण मोटारबोटवाल्याला दिसत नाही.

३. अंगावर आणि सोबत काय हवं

अंगावर:

- लाइफ जॅकेट. आत फोम असलेलं, मापाचं. पोहता येत असेल तर ५० न्यूटनचं (ही तरंगवण्याची ताकद, जॅकेटवर लिहिलेली असते) चालतं, येत नसेल तर १०० न्यूटनचं. घालून पट्टे आवळा आणि सोबत्याला खांद्यांवरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. जॅकेट सीटच्या मागं अडकवून ठेवणारे खूप दिसतात, पण पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही.
- जॅकेटलाच बांधलेली शिट्टी. तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत हवी.
- जॅकेटवर समोर, दोन्ही हातांनी गाठता येईल असा लहान चाकू. मासा कापायचा नव्हे, दोरी आणि तंगूस (नायलॉनचा बारीक धागा) कापायचा.
- टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मागं पट्टा असलेले सँडल. गमबूट नको, त्यात पाणी भरतं.

कयाकवर: पाणी उपसायला डबा किंवा स्पंज, वल्ह्याला वल्हं म्हणून एक जादा, पंधरा मीटर तरंगती दोरी, डोक्याला लावायची बॅटरी, पाणी आणि ओआरएस, पक्कड, प्रथमोपचाराची पिशवी. फोन पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालून *अंगावर* ठेवा. कयाक वाहून गेली तर फोन तिच्यासोबत जाता कामा नये.

कागद: आधारकार्डाची प्रत, संस्थेची पावती किंवा चिठ्ठी, आणि एका कार्डावर तुमचा रक्तगट व घरचा नंबर. तिन्ही एका प्लास्टिकच्या पाकिटात.

वल्हं कयाकला दोरीनं बांधावं की नाही? संथ पाण्यात बांधा, नाहीतर मासा खेळवताना ते तरंगत निघून जातं. वाहत्या पाण्यात सोडून ठेवा. उलटलात तर तीच दोरी पायात अडकते.

४. आधी उलटून बघा

हा टप्पा सगळे टाळतात. पण परत चढता येत नसेल तर मोठ्या पाण्यात जाऊ नये, इतकं साधं आहे.

छातीभर पाण्यात, तळ माहीत असलेल्या जागी, सोबत्याला उभं करून सराव करा. गावाजवळच्या पाझर तलावाचा उथळ काठ चालेल. शेततळ्यात मात्र मुळीच नको. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याची बाजू शेवाळानं इतकी निसरडी होते की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. आपल्या भागात दरवर्षी त्यात माणसं जातात.

कृती अशी. कयाक पालथी झाली की तिच्या मध्यावर या. पोट तिच्या बुडावर टाकून पलीकडची कड पकडा आणि मागं झुकत स्वतःकडे ओढा. ती सुलटी होईल. आता सीटच्या बाजूला या. पाय खाली लोंबकळू देऊ नका, ते मागं पाण्याच्या वर आणून जोरात मारा आणि त्या झटक्यात पोटावर कयाकवर चढा. मग कूस बदलून बसा, शेवटी पाय आत घ्या. पोट, बूड, पाय हा क्रम. घाई करून गुडघ्यावर चढायला गेलात की कयाक पुन्हा पालथी होते. जॅकेट घालून, रोजच्या कपड्यांत, दम लागेपर्यंत हे करा. मग रॉड, डबा, सगळं सामान बांधून पुन्हा करा. कुठली वस्तू वाटेत येते हे तेव्हाच कळतं.

५. पाणी सुटतंय का, ही खबर काढा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच.

आदल्या दिवशी संध्याकाळी आणि निघायच्या आधी, अशी दोनदा चौकशी करायची. जायकवाडीचा विसर्ग पावसाळ्यात रोजच्या पेपरात येतो, जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासनाचे निरोपही गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे "दहा हजार क्युसेक" वाचलं की दर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी तुमच्या दिशेनं निघालंय, असा त्याचा अर्थ. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. २००६ च्या पुरात पैठण शहरात पाणी शिरलं होतं, ते बघितलेल्या माणसाला क्युसेक समजावून सांगावा लागत नाही.

पण नुसतं जायकवाडीवर लक्ष ठेवून भागत नाही. नवखे लोक फसतात ते इथंच. नांदेडला येणारं पाणी फक्त पैठणहून येत नाही. सिंदफणा येते, तिच्यावर माजलगाव धरण. पूर्णा येते, तिच्यावर येलदरी आणि सिद्धेश्वर. जायकवाडीचे दरवाजे घट्ट बंद असतानाही जिंतूर-हिंगोलीकडे जोराचा पाऊस झाला, की पूर्णेचं पाणी कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळतं आणि विष्णुपुरीचे दरवाजे उघडावे लागतात. नांदेडात तेव्हा कडक ऊन असू शकतं. म्हणून नांदेडवाल्यांनी पाऊस स्वतःच्या डोक्यावर नाही, परभणी-हिंगोलीवर बघायचा.

बाभळी बंधाऱ्याकडे जाणाऱ्यांनी तारखा पाठ कराव्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला तेलंगणासाठी ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडावं लागतं. म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी, आभाळात ढग नसताना, तिथल्या पाण्याला ओढ लागते.

उन्हाळ्यात इतर बंधाऱ्यांतही पिण्यासाठी, टंचाईसाठी, खालच्या गावांच्या मागणीमुळे पाणी सोडतात. त्याची बातमी मोठी होत नाही. ती कळते काठावरच्या माणसाला. बंधाऱ्यावरचा चौकीदार किंवा जाळं सावरत बसलेले मामा दिसले की थांबा आणि विचारा, "मामा, वरून पाणी सुटायलंय का?" ते म्हणाले "रातीपासून दोन बोटं चढलंय", तर कयाक गाडीवरून उतरवूच नका.

पाण्यावर असताना स्वतःही खूण ठेवायची. उतरलात तिथं पाण्याच्या रेषेत एक काडी रोवा. तासाभरानं येऊन बघा. काडी पाण्यात उभी असेल तर नदी चढतेय. याशिवाय ही लक्षणं: निवळ पाणी अचानक गढूळ होणं, फेसाचे पुंजके, सुकी पानं आणि काटक्यांची रांग वाहत येणं, थांबलेली जलपर्णी चालू लागणं. यातलं एकही दिसलं तर गळ गुंडाळून जवळच्या काठाला लागा. गाडी पलीकडच्या काठाला असली तरी *जवळच्याच* काठाला. गाडी पुलावरून फिरून आणता येते. बंधाऱ्याचा भोंगा ऐकू आला तर विचार करायचाच नाही.

६. दिवस आणि वेळ

जून ते सप्टेंबर नदीवर कयाक नको. पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात आणि हात शिवशिवतात, मान्य आहे. पण तेव्हा मादीच्या पोटात गाभोळी असते आणि नदी कुणाच्या ताब्यात नसते. ऑक्टोबरही परतीच्या पावसाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

वारा: अंदाज सांगणारं कुठलंही ॲप बघा, ताशी १५ किलोमीटरच्या वर असेल तर नवख्यानं घरी राहावं. लाटांचे शेंडे पांढरे दिसू लागले की अनुभवी माणसानंही परतावं. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना वाऱ्यासोबत या, दमलेले असताना वारा पाठीला हवा.

वीज: मार्च ते मे अवकाळीचा काळ, दुपारनंतर आभाळ भरून येतं. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच, आणि हातात कार्बनचा रॉड, तो वीज वाहून नेतो. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसपर्यंत मोजून झालं नाही, तर वीज जवळ आहे. लगेच बाहेर या, एकट्या झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा उतरू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर असू द्या. नदी ओलांडणाऱ्या विजेच्या तारांखालीही रॉड उभा धरून जाऊ नका.

ऊन: सकाळी उजाडता उजाडता उतरून दहाच्या आत बाहेर. मे महिन्यात तर आठलाच. डिसेंबर-जानेवारीत धुकं असेल तर ते उठेपर्यंत काठावर शेकोटी करून बसा.

७. पाण्यावरची वर्दळ

*जाळी.* तंगूसचं जाळं पाण्यात दिसत नाही. दिसतात ती त्याची तरंगणारी चिन्हं: थर्माकोलचे तुकडे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, कधी नुसती चपलेची कापलेली टाच. असा एक तुकडा दिसला की थांबा आणि दुसरा शोधा, त्या दोघांच्या मधे जाळं आहे. सकाळचं तिरकं ऊन असेल तर पाण्याला टेकलेल्या वरच्या दोरीवर थेंब चमकताना दिसतात. टोकाला वळसा घालून जा. मालक जवळ असेल तर विचारणं सगळ्यात सोपं: "काका, जाळं कुठवर हाय?" "त्या बाभळीपस्तोर. तिकडून जा, अंगानं." बस्स, झालं. पहिल्या दिवशी ते तुम्हाला न्याहाळतात, चौथ्या वेळेला मरळ कुठं बसलीय ते सांगतात.

वल्हं किंवा खालचं सुकाणू जाळ्यात अडकलंच, तर ओढाओढ करू नका. ओढलं की कयाक आडवी होते. वल्हं स्थिर धरा, मागं सरका, हातानं जाळ्याची एकेक आस, म्हणजे एकेक भोक, सोडवा. जिवावर बेतलं तरच चाकू, आणि मग मालकाला शोधून नुकसान भरून द्यायचं. न सांगता निघून गेलात तर तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक कयाकवाल्याला ते भोगावं लागतं.

*वाळूचे तराफे.* गोदावरीत वाळू उपसा कुठं चालतो हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कागदावर नसतं. इंजिनाचा आवाज, काठावर ढीग, ट्रॅक्टरचे ताजे टायर दिसले तर त्या बाजूला जाऊ नका. तिथं दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. तराफ्यापासून काठापर्यंत ताणलेला दोर, तो कधी पाण्याच्या वर, कधी वीतभर खाली, आणि इंजिन ओढायला लागलं की एकदम ताठ होतो. आणि तळाला पडलेले खड्डे: गुडघाभर पाण्यातून कयाक ओढत चाललात तर पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जाऊ शकतं. उथळ दिसलं तरी वल्ह्यानं चाचपल्याशिवाय उतरायचं नाही. तिथं फोटो-व्हिडिओ काढू नका. कारण सांगायची गरज नसावी. तक्रार करायची तर घरी आल्यावर तहसीलला करा.

*मोटारी.* काठापासून आत पाणबुडी मोटारी आणि फूटव्हॉल्व्ह सोडलेले असतात. केबलला जागोजागी चिकटपट्टीचे जोड. मोटार चालू असताना त्या पट्ट्यात पाण्यात उतरू नका, पाइप धरून कयाक थांबवू नका. पाण्यात झिणझिण्या जाणवल्या तर जवळ जाऊन बघण्याचा मोह नको, उलट दिशेला वल्हवा. कुणी करंट लावून किंवा सुरुंगानं मासे मारताना दिसलं तर तेही असंच, आधी दूर व्हा. ते बेकायदा आहे आणि तसं करणारे साक्षीदारावर खूश नसतात.

*होड्या.* नियम एकच: मोठ्याला वाट द्या. तुमचा हक्क असला तरी द्या. प्रवासी होडी किंवा मोटारबोट येत असेल तर तिच्या वाटेतून काटकोनात बाहेर पडा, म्हणजे तुम्ही कुठं चाललात हे त्याला कळतं. तिची लाट आली की कयाकचं नाक लाटेकडे करा, कुशीवर लाट घेऊ नका. मागं काठीला एक भगवा-पिवळा फडका बांधला की लांबून दिसता. अंधार पडल्यावर पाण्यावर राहू नका, आणि उशीर झालाच तर चारी बाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा उंच लावा.

*घाट.* पैठण, गंगाखेड, नांदेड इथल्या घाटांवर स्नान, दशक्रिया चालतात. तिथं मासे पिंडाच्या भातावर माजलेले असतात, आणि म्हणूनच तिथं गळ टाकायचा नसतो. एक तर गळ माणसाला लागतो. दुसरं म्हणजे लोकांच्या दुःखाची ती जागा आहे. तुमच्या सगळ्यात लांब फेकीच्या दुप्पट अंतर ठेवा. नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणकडे फिरकू नका. गणपती विसर्जनानंतर घाटाजवळच्या तळाला मूर्तींचे लोखंडी सांगाडे असतात, तेही लक्षात ठेवा.

८. धार, पूल आणि बंधारा

धार ओलांडायची असेल तर सरळ पलीकडे वल्हवू नका, वाहत जाल. नाक वरच्या दिशेला तिरकं ठेवा आणि वल्हवत राहा, कयाक आपोआप पलीकडे सरकत जाते. जाताना नेहमी प्रवाहाच्या *वर* जा, परतीला प्रवाह मदतीला येईल.

पुलाच्या खांबाजवळ मासा असतो, आणि धारही. खांबाच्या वरच्या अंगाला निर्माल्य, ओंडके, तारा अडकलेल्या असतात. पाणी त्यातून निघून जातं, कयाक जात नाही. आडव्या झाडावर किंवा खांबावर ढकलले गेलात, तर अंग *अडथळ्याकडे* झुकवा. मन उलटं सांगतं, बाजूला झुक. बाजूला झुकलात की वरून येणारं पाणी कड दाबतं आणि कयाक पालथी होते.

आता बंधारा. भिंतीवरून पाणी पडत असेल तर वरून येणाऱ्याला पुढं फक्त एक सपाट रेषा दिसते, पडणारं पाणी दिसत नाही. खाली पडलेलं पाणी उलटं फिरून भिंतीकडेच येतं, त्यात माणूस, ओंडका, कयाक, काहीही गुरफटत राहतं, लाइफ जॅकेट असलं तरी. खालच्या बाजूनं जवळ गेलात तरी ते आत ओढतं. मोठे मासे भिंतीखाली जमतात हे खरं आहे. ते तिथंच असू द्या.

९. नांगर

संथ पाण्यातच टाकायचा. दीड-दोन किलोचा घडीचा नांगर पुरे, दोरी खोलीच्या किमान तिप्पट. बांधायचा तो नाकाला किंवा शेपटीला. बसल्या जागी बाजूच्या कडीला बांधलेला नांगर आणि अचानक वाढलेली धार, एवढ्यावर कयाक क्षणात पालथी होते. दोरी अशा फासानं बांधा की एका झटक्यात सुटेल, आणि तिच्या टोकाला रिकामी बाटली अडकवा. पळायची वेळ आली तर नांगर सोडून द्या, बाटली तरंगत राहील, नंतर येऊन काढता येईल.

१०. मासा लागल्यावर

रोहू, कटला वजनानं कयाकला फिरवतात, फिरू द्या. रॉड नाकाच्या दिशेला ठेवा, कुशीवरून ओढू नका. उभं राहू नका. शिंगाळ्याच्या कल्ल्याजवळचे काटे दातेरी असतात, हातात घुसले की जखम दिवसभर ठणकते, त्याला जाळीत घेऊन पकडीनं धरा. वाम (सापासारखा लांब मासा) दोन पायांच्या मधे सोडू नका. गळाची आकडी पक्कडीनं दाबून टाका, माशालाही बरं आणि तुमच्या बोटालाही. गळ अंगात खोल रुतला तर तो उपटू नका, दोरी कापा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

११. घरी सांगून जा, अडलात तर

कुठून उतरणार, कुठपर्यंत जाणार, किती वाजता बाहेर येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे एका माणसाला लेखी पाठवा. "नदीवर चाललो" हा निरोप नव्हे, नदी लांब आहे.

पाण्यात पडलात तर कयाक सोडू नका, ती माणसापेक्षा लवकर दिसते. धारेत असाल तर पाठीवर, पाय पुढं आणि वर. उभं राहायला जाऊ नका, पाय दगडात किंवा मुळीत अडकला की पाणी खाली दाबतं. तीन शिट्ट्या, वल्हं उभं धरून हलवा, ११२ लावा. काठावर भोई किंवा नावाडी असेल तर त्याला हाक मारा. बहुतेक वेळा तोच आधी पोचतो.

१२. परतल्यावर

घरी "बाहेर आलो" हा फोन पहिल्यांदा. मग कयाक धुवा. जलपर्णीचा एकही तुकडा भोकात किंवा सुकाणूत राहू देऊ नका, दुसऱ्या तलावात गेला तर तो तलाव बसला. बुडाचा बूच काढून आत किती पाणी शिरलंय ते बघा. पेलाभर असेल तर चालतं, त्याहून जास्त असेल तर कुठंतरी चीर आहे. कयाक कोरडी करून, बुडाला साबणाचं पाणी लावून बुचाच्या भोकातून फुंका, बुडबुडे येतील तिथं खूण करा. आणि बूच परत लावून ठेवा, पुढच्या वेळी पहाटेच्या अंधारात ते विसरायला होतं.